प्रॉम्प्टरची पहिली भूमिका

नापास कसं व्हायचं याची तालीम दादा आठवडाभर करत होते. तीही चोरून, कारण त्याच आठवड्यात लेक त्यांना पास करण्यासाठी हात धुऊन मागे लागली होती.

लेक शाळेत मुख्याध्यापिका. दादा तिला हेडमास्तरीणबाई म्हणायचे, पण मनातल्या मनात. तोंडावर म्हणायची घरात कोणाची टाप नव्हती. दादांच्या मेंदूची तपासणी ठरली म्हटल्यावर तिने ती परीक्षाच धरली. रोज संध्याकाळी फोन. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात गेले किती, त्यातून पुन्हा सात गेले किती. फोनवर दादा बिनचूक उत्तरं द्यायचे, कारण एक जरी चुकलं तरी ही बया गाडी काढून इथे येऊन बसेल याची त्यांना खात्री होती. फोन ठेवला की ते न्हाणीघरात शिरून आरशासमोर तीच उत्तरं चुकवायचा सराव करत. आणि चुकणं काही सोपं नसतं. त्र्याण्णवच्या जागी एकदम चाळीस म्हटलं तर थाप वाटते. एक्याण्णव म्हणावं, जरा घुटमळावं, मग स्वतःवरच वैतागावं, तर कुठे ते खरं वाटतं.

हा सगळा खटाटोप माईसाठी होता.

माईने सगळी नोकरी नाटकगृहाच्या तिकीट खिडकीत काढली होती. नेहमीचा प्रेक्षक पायरीवर दिसला की त्याच्या आवडत्या खुर्चीचं तिकीट फाडून तयार. कोणाला खांबाआड बसायला आवडत नाही, कोणाची बायको कोणाच्या बायकोशेजारी बसत नाही, सगळं तोंडपाठ. आणि दादा त्याच नाटकगृहात प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, नट अडखळला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं, इतक्या हलक्या आवाजात की पहिल्या रांगेलाही कळू नये. नाटकगृह बंद पडलं, दोघं घरी बसली, आणि मागच्या उन्हाळ्यापासून माईचं वाक्य अडायला लागलं. आधी शेजारणीचं नाव गेलं, मग साखरेचा डबा कुठल्या फळीवर ते गेलं, आणि एकदा सून दारात उभी असताना माई तिच्याकडे अनोळखी प्रेक्षकाकडे बघावं तशी आदबीने बघून हसली. त्यांनी काही विचार केला नाही. उजव्या बाजूला सरकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "सून. काल हिनेच फोन केला होता." माई लगेच म्हणाली, "ये गं, काल तुझा फोन आला तेव्हापासून वाटच बघतेय."

झालं, तेव्हापासून दादा पुन्हा कामावर रुजू झाले. पाहुणे आले की माईच्या उजवीकडे बसायचं आणि वाक्यं पुरवायची. स्वयंपाकही त्यांनीच हळूहळू अंगावर घेतला. मंडळी जेवायला आली की माईच्या हातात डाव द्यायचा आणि आपण पेपर घेऊन बसायचं. पोरं बोटं चाटत म्हणायची, माईच्या हाताला चव आहे.

मग ते दुधाचं प्रकरण झालं. माई पातेलं गॅसवर ठेवून फिरायला गेली, पातेल्याचा कोळसा झाला, घर धुराने भरलं आणि शेजाऱ्यांनी मुलांना फोन केले. दोघं मुलं धावत आली. "मीच विसरलो," दादा म्हणाले. त्या संध्याकाळी मुलं गॅलरीत उभी राहून बोलत होती आणि दादा आतल्या खोलीत खिडकीशी पायमोजे शोधत होते.

"दादांचं विसरणं आपण निभावू," लेक म्हणत होती. "माई आहे बघायला. सकाळची एक बाई ठेवू. माईचं झालं असतं तर मात्र पंचाईत होती."

"का?" मुलाने विचारलं. हा लिफ्ट बसवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या धंद्यातला. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

"अरे, दादांच्या भरवशावर तिला कसं ठेवणार? त्यांना साधं अंडं उकडता येत नाही. मग तिला माझ्याकडे आणि त्यांना तुझ्याकडे नेण्यावाचून इलाज नव्हता."

लेकीचं घर एका गावात, मुलाचं दुसऱ्यात, मध्ये अर्ध्या दिवसाचा प्रवास. दादा हातात एकच पायमोजा घेऊन पलंगावर बसले आणि त्यांनी ठरवून टाकलं. पेशंट आपणच. काय वाटेल ते झालं तरी पेशंट आपणच.

तर अशी ही पार्श्वभूमी, आणि आज सगळं कुटुंब दवाखान्याच्या लांबलचक बाकावर ओळीने बसलेलं. लेकीने येताना अभ्यासाचा शेवटचा हात फिरवला होता. सुनेने सकाळी दादांचं डोकं शाम्पूने धुतलं होतं, कारण डोक्याला तेल असलं तर यंत्र नीट मोजत नाही असं दवाखान्यातून सांगितलं होतं. डोक्यावर केस कानांच्या वर तेवढे चार, पण सुनेने तीनदा धुतलं. दादांची टाळू लखलखत होती.

"दादा, घाबरायचं नाही," लेक म्हणाली. "प्रश्न नीट ऐकायचा, मग उत्तर द्यायचं. घाई केली की चुका होतात."

"घाई नाही करणार," दादा म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दादा जन्मभर नटांच्या सहवासात राहिले, पण रंगमंचावर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. लाजच वाटायची. त्यामुळे आजची ही त्यांची पहिली भूमिका, आणि कागदी चाचणीच्या टेबलाशी बसल्यावर त्यांना ती जरा चढलीच. मेंदूच्या डॉक्टरीणबाई उंच, शांत, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारीन म्हणाल्या. विचारलं तेव्हा दादांनी कपाळाला हात लावला, छताकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "कुठले शब्द?"

शेजारी बसलेल्या माईने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. मागे लेकीच्या घशातून काहीतरी आवाज आला.

घड्याळ काढायला सांगितलं तर दादांनी आकडे सगळे एका बाजूला गोळा केले आणि काटे तीन काढले. शंभरातून सात गेले तर एक्याण्णव राहिले. वार विचारला तेव्हा ते म्हणाले, "आज प्रयोग आहे ना? म्हणजे शनिवार." हे त्यांना त्या क्षणी सुचलं आणि स्वतःलाच इतकं आवडलं की हसू दाबायला खोकावं लागलं.

"काल फोनवर सगळं येत होतं," लेक डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "काल सगळं बरोबर होतं, खरंच सांगते."

"असं होतं कधी कधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दादांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. "आता आपण मेंदूच्या लहरी मोजू."

दुसऱ्या खोलीत एक मोठी खुर्ची होती आणि तिच्यासमोर पडदा. नियमाप्रमाणे पेशंटबरोबर एकालाच आत यायची परवानगी, पण हेडमास्तरीणबाई पुढे आणि बाकीचे मागे असे सगळेच घुसले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना भिंतीशी उभं केलं आणि माईला पेशंटशेजारी स्टूल दिलं. मग दादांच्या डोक्यावर भोकाभोकांची एक घट्ट कापडी टोपी चढवली, हनुवटीखाली पट्टा बांधला आणि प्रत्येक भोकात गार चिकट लेप भरून एकेक वायर बसवली.

"दुखत नाही ना?" माईने विचारलं.

"गुदगुल्या होतात," दादा म्हणाले. "मला काय करायचं आहे ते सांगा डॉक्टर. पुन्हा शब्द वगैरे?"

"काहीच करायचं नाही. डोळे मिटून स्वस्थ बसायचं. झोपायचं मात्र नाही."

"म्हणजे उत्तर काहीच द्यायचं नाही?"

"काहीच नाही. मेंदूच्या पेशी आपसांत बोलत असतात, त्याचे बारीक विजेचे संदेश इथे रेघांमध्ये दिसतात. माणूस डोळे मिटून शांत बसला की डोक्याच्या मागच्या भागात एक ठरावीक लय येते. विस्मरणाचा आजार वाढला की ती लय संथ व्हायला लागते. अगदी सुरुवातीला फरक इतका थोडा असतो की घरच्यांनाच काय, आम्हालाही बोलण्यावरून नक्की कळत नाही. तो मोजता येतो का, हेच आम्ही बघतोय."

दादांच्या कपाळावर लेपाखाली घाम आला. तोंडाने चुकता येतं, हाताने चुकता येतं, पण ही लय कशी चुकवायची? याची तालीमच केली नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि जमेल तितका सावकाश विचार करायचा प्रयत्न सुरू केला. नाटकगृह बंद झालं त्या दिवशीचं मालकांचं भाषण त्यांनी पहिल्या वाक्यापासून आठवायला घेतलं, कारण त्याहून संथ काही त्यांच्या ऐकण्यात नव्हतं.

"छान लय आहे," डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत पुटपुटल्या. दादांनी भाषण पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू केलं, आणखी सावकाश.

"छान म्हणजे?" लेकीने लगेच विचारलं.

"नंतर सांगते. रेकॉर्डिंग चालू राहू दे. तोवर आजींना घरची थोडी माहिती विचारते. आजोबा, तुम्ही तसेच बसा." त्या माईकडे वळल्या. "आजी, यांना विसरायला कधीपासून होतंय?"

दादांना डोळे मिटूनही सगळं दिसत होतं. माईची बोटं पदराच्या टोकाशी गेली असणार. ती हसली असणार, त्या आदबीच्या हसण्याने.

"मागच्या उन्हाळ्यापासून," दादा ओठ न हलवता म्हणाले.

"मागच्या उन्हाळ्यापासून," माई म्हणाली.

पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम जाड काळ्या होऊन थयथयाट करायला लागल्या आणि क्षणात पुन्हा निवळल्या.

"नातवंडं किती तुम्हाला?"

"तीन. हिच्या दोन मुली, त्याचा एक मुलगा."

"तीन आहेत," माई म्हणाली. "लेकीच्या दोन मुली आणि मुलाचा मुलगा."

पुन्हा पडदा काळा झाला. भिंतीशी उभा असलेला मुलगा जागचा हलला. आयुष्यभर लिफ्टच्या नियंत्रणपेट्या बघितलेला माणूस. सुरळीत चाललेलं काही मध्येच असं उसळलं की त्याला दम निघत नाही.

"डॉक्टर, थांबा. दादांना फिट आली. आत्ता दोनदा आली."

लेकीने तोंडावर हात दाबला. सून दादांच्या दिशेने धावली. दादा खुर्चीत पुतळ्यासारखे, चेहऱ्यावरची सुरकुतीही हललेली नाही.

"फिट नाही ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेला हाताने थांबवलं. केसांतली पेन्सिल काढून त्यांनी पडद्यावरची एक रेघ नीट पाहिली आणि मग माईला विचारलं, पण माईकडे न बघता, पडद्याकडेच बघत. "आजी, मघाशी मी आजोबांना पाच शब्द सांगितले. तुम्ही शेजारीच होतात. तुम्हाला आठवतात का?"

"हो तर," माई म्हणाली आणि थांबली.

आता इथे माणसाने गप्प बसायचं. कोणीही सांगेल. पण उभा जन्म ज्याने एकाही नटाला रंगमंचावर तोंड उघडं ठेवून उभं राहू दिलं नाही, तो माणूस काय करणार? कोणी थांबलं की दादांच्या घशातून वाक्य आपोआप निघायचं, जसा डोळ्यापुढे हात आला की पापणी मिटते.

"छत्री, बटण, घोडा, शिडी, लिंबू."

"छत्री," माई म्हणाली, "बटण, घोडा, शिडी आणि लिंबू."

पडदा शेवटपर्यंत काळा राहिला.

"आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे उघडा. कुजबुजलं तरी जबडा हलतो, आणि जबड्याचे स्नायू मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा गोंगाट करतात. ऐकू मला काही आलं नाही हो. पण दिसलं."

अख्ख्या कारकिर्दीत दादा एकदाही पकडले गेले नव्हते. त्यांनी डोळे उघडले. समोर सगळं कुटुंब उभं होतं, आणि डोक्यावर ती वायरींची टोपी असल्यामुळे त्यांना तोंड लपवायलाही जागा नव्हती.

आधी बोलली लेक. "म्हणजे तुम्हाला पाचही शब्द येत होते." ती शाळेत कॉपी पकडल्यावर बोलते तशा आवाजात बोलत होती. "आणि ते घड्याळ? ते मुद्दाम? दादा, आठवडाभर मी तुमचा अभ्यास घेतला."

"चांगला घेतलास," दादा म्हणाले.

"पण का?" मुलाने विचारलं. मग त्याने माईकडे पाहिलं, आणि त्याचं कारण त्याला सापडलं. तो हळूच स्टुलामागे जाऊन उभा राहिला आणि त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "दूधही तुम्ही नव्हतं ठेवलेलं," तो म्हणाला.

"नाही," माईच म्हणाली. "मी ठेवलं होतं. यांनी अंगावर घेतलं. मला आठवतं ते."

लेक दादांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "मला का नाही सांगितलंत? कोणीच का नाही सांगितलं?"

आता दादांचा संयम सुटला. "कशाला सांगू? माईला तू घेऊन जाणार आणि मला हा. गॅलरीत उभं राहून ठरवलंत तुम्ही. मी पेशंट झालो तर आम्ही दोघं आपल्या घरात, आणि ती झाली तर दोघं दोन गावांना. मग मीच पेशंट झालो. तिच्यावाचून मला राहता येणार नाही, हे काय आता यंत्रावर दाखवू?"

बोलताना पडद्यावर काळाकुट्ट गोंधळ चालला होता. डॉक्टरीणबाईंनी हळूच पडदा बंद केला.

"अहो, पण दादा," लेक डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही तिला सांभाळणार कसे? तुम्हाला स्वयंपाकघरातलं काही कळत नाही."

"ताई," सून म्हणाली. ती फारशी बोलत नसे, त्यामुळे सगळे वळले. "वर्षभर स्वयंपाक दादाच करतायत."

"काय?"

"माई भाजी बारीक चिरायच्या. आता जाड असते, पण शिजलेली मऊ असते. आणि माई मीठ आधी घालायच्या, दादा शेवटी घालतात. मला सहा-आठ महिन्यांपूर्वीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"चांगली होत होती. म्हटलं, बोलून दाखवलं तर बंद करतील."

मुलगा हसला. हसायची वेळ नव्हती, पण त्याला आवरेना. लेकीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग तिलाच आठवलं की मागच्या वेळी तिने तीनदा भाजी वाढून घेतली होती आणि माईकडून कृती मागितली होती. माईने दादांकडे बघून कृती सांगितली होती. लेक पर्सचा बंद उघडत मिटत राहिली.

"दादा आमच्याकडे आले तर मला हरकत नाही," सून पुढे म्हणाली, "पण एकटे आणू नका. मी दोघांना घेईन, नाहीतर दोघांना त्यांच्याच घरी राहू दे, आणि आपण पाळीपाळीने जाऊ." मग ती पुन्हा गप्प झाली. आजवर नणंदेच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती, त्यामुळे तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पण तिला किती झालंय, ते आधी कळायला नको?" लेक म्हणाली. "आज भाजी येते हो. पुढे काय? ती रस्त्यात हरवली तर? दादांचं वय काय? मी दुष्ट म्हणून बोलत नाहीये. मला भीती वाटते."

ही भीती दादांनाही रोज वाटत होती, फक्त ती बोलून दाखवायला त्यांच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं.

"मग बघून घ्या की," माई म्हणाली. ती स्टुलावरून उठली होती. "टोपी काढा यांची. मी बसते."

"माई, आज नको," दादा म्हणाले. "तुला भीती वाटेल."

"वाटतेच आहे. वर्षभर वाटतेय. तुम्ही इतकं पटकन पुरवता ना, की मला स्वतःला कळतच नाही, मला किती येतं आणि किती गेलं." तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "हे यंत्र सांगतं का हो, मी कोणाकडे राहायचं ते?"

"नाही. आणि एकट्या आलेखावरून आजारही ठरत नाही. बोलणं, बाकीच्या तपासण्या, सगळं मिळून बघावं लागतं."

"मग हरकत नाही. बघा."

दादांची टोपी निघाली. त्यांच्या टाळूवर लेपाचे पांढरे ठिपके उरले आणि सुनेने ते रुमालाने पुसायला घेतले. माई खुर्चीत बसली. खुर्ची तिला मोठी होत होती, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. तिचे केस दाट, त्यामुळे एकेक वायर बसवायला वेळ लागला, आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं.

"आजोबा थांबले तर चालतील," त्या म्हणाल्या, "पण तोंड मिटून. काही झालं तरी."

दादा स्टुलावर बसले, माईच्या उजव्या बाजूला. सवयीने थोडे पुढे वाकले, मग मुद्दाम मागे सरकले. लेक शेवटी निघाली. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती तिथेच घोटाळत राहिली.

"रेकॉर्डिंगच्या आधी एक-दोन साधे प्रश्न," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजी, तुम्ही कुठे राहता?"

माई हसली. तेच आदबीचं हसणं. रस्त्याचं नाव शोधत तिची नजर छतावर गेली, भिंतीवर गेली, खिडकीवर गेली. दादांना रस्ता, घराचा क्रमांक, मजला, दाराचा रंग, सगळं जिभेवर येऊन टोचत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. विंगेत बसून त्यांनी कितीतरी लांब थांबे ऐकले होते, पण एवढा लांब नव्हता. माईची नजर फिरत फिरत खाली आली, त्यांच्यावर थांबली, आणि तिचा चेहरा सैल झाला.

"ह्यांच्याजवळ," ती म्हणाली. "पत्ता ह्यांना विचारा."

डॉक्टरीणबाईंची पेन्सिल कागदावर थांबली. अशा उत्तराला किती गुण द्यायचे, ते त्यांच्या तक्त्यात नव्हतं.

"बरोबर आहे," दारातून हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. "उत्तर बरोबर आहे." आणि भावाला सांगायला त्या दार ओढून घेऊन बाहेर गेल्या.